नाटकाच्या ग्रुपचं नाव ठेवताय? आधी हाक मारून बघा

नाटकाचा ग्रुप काढायचा म्हटलं की स्क्रिप्ट, तालमीची जागा, पैसे हे सगळं नंतर, पहिलं भांडण नावावरून होतं. आमचंही झालं. आम्ही सांगलीतले अकरा जण, दोन बँकेतले, एक मेडिकलवाला, तीन शिक्षक, बाकी कॉलेजची पोरं. एकांकिका बसत आली होती तरी स्पर्धेच्या फॉर्मवरचा 'संस्थेचे नाव' हा रकाना कोराच, आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. रात्री साडेअकराला जे तोंडात आलं ते लिहून टाकलं, शेवटी 'मित्र मंडळ' लावलं, आणि पुढची दोन वर्षं ते नाव निस्तरत बसलो. एका गावात हॉल बुक करायला फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न, ढोल-ताशा आणणार असाल तर डिपॉझिट वेगळं पडेल. दुकानात जाहिरात मागायला गेलो की मालक वर न बघताच म्हणायचा, वर्गणी गणपतीला दिली की यंदाची.

तेव्हा तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय. आमचं आत्ताचं नाव इथे सांगत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको, पण जी नावं आम्ही वाटेत टाकून दिली ती सांगते, शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे.

पहिलं म्हणजे नावातून ग्रुपचं तत्त्वज्ञान दिसलं पाहिजे हे डोक्यातून काढा. नाव हाक मारायला असतं, आणि ती हाक मारतं कोण? निवेदक, नाट्यगृहाचा वॉचमन, टेम्पोवाला, फ्लेक्सवाला, पेपरात बातमी टाईप करणारा माणूस आणि तुमच्या घरचे. यातल्या कुणालाही तुम्ही शब्दकोशातून काढलेला अर्थ माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायला वेळही नसतो. आमच्यातल्या एका सरांनी 'स्पंदन'वर वीस मिनिटं बोलून दाखवलं होतं, हृदय, लय, रंगमंच वगैरे, आणि मग कॉलेजच्या एका पोरीने विचारलं की सर, हे आमच्या गॅदरिंगचं नाव आहे ना, ते संपलंच.

आता परीक्षा. कागदावर लिहून कौतुकाने बघत बसू नका, नाव वाक्यात घालून मोठ्याने बोला. तीन वाक्यं पुरतात. 'आज टिंबटिंबच्या तालमीला चाललेय.' 'टिंबटिंबवाल्यांचा टेम्पो मागच्या गेटला लावा.' 'टिंबटिंबने यंदा काय बसवलंय?' बस. यात नाव अडखळलं नाही तर निम्मं काम झालं. ही परीक्षा का, तर मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव तेच राहील याची खात्री नाही. 'पडवी' बघा, पडवीचं, पडवीने, पडवीवाले, कुठेही ठेच लागत नाही. 'आविष्कार' किंवा 'रंगायन' ही जुन्या नाट्यसंस्थांची नावं पण सरळ, लोक आविष्कारचं नाटक म्हणतात, आविष्काराचं म्हणत नाहीत, म्हणजे नाव आहे तसं टिकतं. पण 'कट्टा' घ्या, कट्ट्याचं नाटक म्हणायचं की कट्टाचं? दोन्ही बोलली जातात आणि दोन्ही ऐकायला अर्धवट वाटतात. दोन शब्दांचं नाव असेल तर विचारूच नका. आमच्या यादीत 'चौथा अंक' होतं, मला तर फार आवडलं होतं. मग कुणीतरी वाक्य करून बघितलं, 'चौथ्या अंकाचं नाटक बघितलंस का?' आणि मेडिकलवाला म्हणाला, पहिले तीन चुकले वाटतं. 'आपण सगळे' असंही एक होतं, छान आहे ना, पण 'आपण सगळेचा प्रयोग' की 'आपण सगळ्यांचा प्रयोग'? दुसरं म्हटलं तर आलेला प्रेक्षक म्हणेल मला पण काम करायचंय की काय.

मग निवेदकाची परीक्षा. शाळेचा हॉल, वर तीन पंखे खडखडतायत, माईकला हात लावला की कुंई आवाज, आणि ज्याला आयत्या वेळी उभा केलाय असा निवेदक तुमचं नाव पहिल्यांदाच वाचतोय. 'क्षितिज'चं 'शितिज' होतं. 'सृजनस्पर्श' असलं काही ठेवलं तर माणूस आधी थांबतो, घोट गिळतो आणि मग काहीतरी तिसरंच बोलतो. आणि नाव 'रंगमंच' ठेवलंत तर तो म्हणणार, 'आता रंगमंचावर सादर करीत आहे, रंगमंच, सांगली.' हे मी कानाने ऐकलंय, विंगेत उभं राहून आमची एन्ट्री चुकली हसण्यात.

टवाळीची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि ती घरच्या शहाण्या माणसांकडून होत नाही, त्याला सेकंड इयरची चार पोरं लागतात. 'तिसरी घंटा' हे नाव आमच्यात जवळपास नक्की झालं होतं, नाटकवाल्याच्या अंगावर काटाच येतो त्या शब्दाने, तिसरी घंटा झाली की अंधार, अंधारात धूप आणि मेकअपचा वास. पोरं मात्र खाली बघून हसतायत. शेवटी एकाने तोंड उघडलं, 'मॅडम, यंदा स्पर्धेत काय मिळालं असं कुणी विचारलं की उत्तर काय द्यायचं, घंटा?' ज्यांना कळलं नाही त्यांनी घरच्या पोरांना विचारा. 'शून्य', 'पडदा', 'अंधार' यांचीही हीच गत, एक प्रयोग पडला की पडदा पडला हे शीर्षक तयारच आहे.

बरं मग नाव आणायचं कुठून? जुन्या लोकांनी कुठून आणलं ते बघा, मला त्यात बरंच सापडलं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत नाटक उभं केलं, त्याच आठवणीत 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो. त्यानंतर ज्या मंडळ्या निघाल्या त्यांची नावं काय, सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर. गावाचं नाव आणि पुढे नाटक मंडळी, संपला विषय. मंडळी फिरायची, परगावच्या माणसाला आधी हे कळायला हवं की ही कुठली. दशावतारात अजून तेच चालतं, वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, नावातच गाव. तमाशाच्या फडाच्या नावात तर माणूस आणि पत्ता दोन्ही, नारायणगावकर म्हटलं की झालं, आणि आमच्या शेजारचं कवलापूर उभ्या महाराष्ट्राला माहीत झालं ते काळू-बाळूंच्या फडामुळे. आज आपल्याला गावाचं नाव लावायची लाज का वाटते मला कळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत, ही 1954 पासून चालू आहे, परगावचा प्रेक्षक अजूनही 'हे मिरजेचे', 'ते कणकवलीचे' असंच बोलतो, तुमचं तीन संस्कृत शब्दांचं नाव तो घरी नेत नाही.

गावानंतर माणसाची नावं आली. 1880 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी, आणि 1913 मध्ये तिच्यातूनच बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी, ती तर बालगंधर्वांच्या उपाधीवरच उभी. माणसाच्या नावाचा जोर मोठा असतो पण सगळा भार त्या एकावर पडतो. त्याच्या शेजारी ललितकलादर्श ठेवून बघा. 1908 साली केशवराव भोसल्यांनी काढली, 1921 साली ऐन भरात केशवराव गेले, पण संस्था बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. नाव कुणाचंच नव्हतं म्हणून सगळ्यांना ते आपलं म्हणता आलं असं मला वाटतं. तुमच्या ग्रुपमध्ये एक जण लिहितो, दिग्दर्शन करतो, पैसे पण तोच घालतो, आणि बाकीचे प्रेमाने म्हणतात की तुझंच नाव देऊ, तेव्हा पुढच्या वर्षी त्याची बदली नांदेडला झाली तर काय, एवढं विचारा. हे फार होतं, बँकवाल्यांचं तर नक्कीच.

मग एकशब्दी नावांचा काळ. 1960 मध्ये विजया मेहतांची मंडळी 'रंगायन' घेऊन आली, 1971 मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांड्यांची मंडळी 'आविष्कार' घेऊन आली. तेव्हा ते ताजं होतं, मंडळी, कंपनी, समाज ही शेपटं तोडून टाकली त्यांनी. पण त्यानंतर पन्नास वर्षं आपण सगळे त्याच रस्त्याने चाललोय. कुठल्याही एकांकिका स्पर्धेची यादी काढा, 'रंग' ने सुरू होणारी चार नावं, 'नाट्य' ने तीन, 'कला' ने तीन, आणि परीक्षकांना रात्री नऊ वाजता यातलं कुठलं कुठलं ते आठवत नाही. रंग आणि नाट्य हे शब्द वाईट नाहीत हो, पण तुम्ही नाटकाच्या स्पर्धेत नाटक घेऊनच आलाय, ते नावातून परत सांगायची काय गरज. पुण्यात 'नाटक कंपनी' असं सरळच नाव ठेवलेला ग्रुप आहे, ते मात्र मला आवडतं, कारण जुना शब्द सगळ्यांनी टाकून दिला होता तो त्यांनी उचलला आणि तो एकदम नवा झाला.

आविष्कारचीच अजून एक गंमत. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये त्यांचे प्रयोग व्हायचे, आणि लोक त्या सगळ्या प्रकाराला म्हणतात काय, छबिलदास चळवळ! शाळेचं नाव. प्रेक्षक जिथे येतो, जिना चढतो, चप्पल काढतो, ती जागा त्याच्या लक्षात राहते. म्हणून माझा सल्ला असा की तुमची जी तालमीची किंवा भेटायची जागा आहे तिच्या आजूबाजूला आधी शब्द शोधा. पार, ओसरी, गच्ची, जिना, वखार, बोळ, घाट, काय असेल ते. मच्छिंद्र कांबळींनी 'भद्रकाली' हे गावच्या देवीचं नाव घेतलं आणि मालवणी नाटकाला ते असं काही बसलं की वेगळं सांगावं लागलं नाही.

आता जागेवरून घेतानासुद्धा डोकं वापरावं लागतं. आमची तालीम पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत चालायची. खाली ज्वारी दळायला घातली की वर जमीन थरथरायची, मोठी स्वगतं आम्ही गिरणी बंद व्हायची वाट बघून घ्यायचो, आणि घरी गेलं की केसात पीठ. तर 'गिरणी' हे नाव सुचणारच, सुचलंच, सगळ्यांना पटलं, सांगलीत एक नंबर वाटलं. मुंबईच्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अरे वा, गिरणी कामगारांवर करताय का काही? तिच्या कानात गिरणी म्हणजे लालबाग-परळ, भोंगा, संप. कामगारांच्या नाटकाची तिकडे केवढी मोठी परंपरा आहे, आणि आम्ही आपले ज्वारीच्या पिठातले, त्या शब्दावर आमचा काही हक्क नव्हता. सोडलं. तेव्हा नाव नक्की करायच्या आधी चार वेगळ्या गावच्या माणसांना फोन करा आणि फक्त शब्द सांगा, अर्थ नाही, मग ते काय समजतात ते ऐका. 'कट्टा'चं मी वर म्हटलं, त्याच्यावर इंदूरच्या आमच्या मावशींनी शेवटचा खिळा ठोकला, तिकडे हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. आणि जागर, प्रबोधन, विद्रोह, शिव, भीम, संघ असे शब्द नावात घेताना त्यामागे कोण कोण उभं आहे ते माहीत करून घ्या, चुकून घेऊ नका, घ्यायचेच तर समजून घ्या.

इंग्रजी नावाला माझी ना नाही. पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीए कधीपासून आहे, त्यातूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि ते नाव पुढे देशाबाहेर गेलं. पण आजच्या तारखेला 'अकॅडमी' लावलंत तर लोक फी विचारणार, एमपीएससीची की क्रिकेटची एवढाच प्रश्न. आणि लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं की लोक त्याची आद्याक्षरं करणारच, तेव्हा ती आधी स्वतः करून बघा, काहीतरी भलतं होत नाही ना.

लिहिण्याचं प्रकरण वेगळंच. फ्लेक्सच्या दुकानात जाऊन एकदा उभे राहा. 'नाट्य' हा शब्द तिथे हमखास 'नाटय' होतो, जुन्या फॉन्टमध्ये तो अर्धा ट नीट जुळत नाही आणि ऑपरेटरला घाई असते, तुम्ही बघा गावागावात नाट्यगृहाच्या पाट्यांवर सुद्धा 'नाटयगृह' आहे. 'आविष्कार' हा शब्द नावात जोडणाऱ्या जेवढ्या संस्था आहेत त्यातल्या अर्ध्यांच्या बॅनरवर 'अविष्कार' असतं, आणि 'स्फूर्ती'चा फू दीर्घ आहे हे पटवायला गेलात तर दुकानदार म्हणतो, मॅडम, सगळे असंच छापतात. जोडाक्षर कमी, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, असं नाव घ्या, दर प्रयोगाला पाचशे रुपयांचा फ्लेक्स परत छापायचा वाचेल.

इंग्रजीत लिहूनही बघायचं, कारण इन्स्टा, युट्यूब, तिकीट विकणारी ॲप, सगळीकडे ते लागतं. 'पडवी' मला केवढं आवडायचं, बोलायला छान, प्रत्यय छान, आणि इंग्रजीत पी ए डी व्ही आय लिहिलं की बाहेरचा माणूस 'पदवी' वाचतो, म्हणजे परत क्लासच. 'वेध'चं 'वेद' होतं. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मंडळांनी तर ळ असलेलं नाव घेताना दोनदा विचार करावा, तिथल्या हॉलचा माणूस सोडा, आपलीच तिथे वाढलेली पोरं 'खेळ'चं 'खेल' करतात. अर्थात कुणी मुद्दाम ळ ठेवून सगळ्यांना तो म्हणायला लावणार असेल तर माझा नमस्कार.

शोध घेतल्याशिवाय मात्र काहीही छापू नका. देवनागरीत शोधा, इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगनी शोधा, फेसबुकवर शोधा, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या रंगकर्मीला विचारा, कारण वीस वर्षांपूर्वी बंद पडलेली संस्था गूगलवर सापडत नाही पण तिचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलेले असतात.

ठरवायचं कसं हा खरा गोंधळ. व्हॉट्सॲपवर पोल टाकू नका, प्लीज. आमच्या ग्रुपवर तेव्हा एकतीस जण होते, तालमीला येणारे अकरा, आणि मत दिलं वीस जणांनी, त्यातल्या निम्म्यांनी नुसता अंगठा दाखवला. पोलमध्ये कुणाचंच फार न आवडलेलं आणि कुणालाच न खटकलेलं नाव निवडून येतं. त्यापेक्षा तालीम संपल्यावर चहाला बसाल तेव्हा प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावं लिहायची, खाली सही नाही, आणि ज्याला नावाबद्दल काहीच पडलेली नाही अशा माणसाने, आमच्यात लाईटवाला होता, ती मोठ्याने वाचायची. कुणी आपल्या नावाचा अर्थ समजावून सांगायचा नाही हा एकच नियम. वाचतानाच अर्धी गळतात, खरं सांगते, काही काही तर लाईटवाल्याला वाचता पण येत नाहीत. उरलेल्यातली तीन घ्या आणि पंधरा दिवस वापरा, एक नाव पाच दिवस. घरी सांगताना, रिक्षात बोलताना, तालमीचा मेसेज टाकताना. ज्याला लोक आपोआप 'वाले' जोडायला लागतात ते तुमचं.

कार्यक्रमाचं किंवा स्पर्धेचं नाव ठेवायचं असेल तर थोडं निराळं आहे. लोक ते तोडणार आहेत हे धरूनच चाला. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, पण पोरं म्हणतात काय, 'यंदा पुरुषोत्तमला काय करताय?' करंडक पण गळाला आणि आंतरमहाविद्यालयीन पण गळालं, राहिला एक शब्द. तेव्हा कुठला शब्द उरणार आहे ते आधीच बघून ठेवा आणि तोच पुढे ठेवा. दोन एकांकिका आणि एक अभिवाचन असेल तर त्याला महोत्सव म्हणू नका, संध्याकाळ म्हणा, लोक जास्त प्रेमाने येतात. 'पहिला वार्षिक' लिहायचा मोह आवरा, दुसरा झाला की मग 'वर्ष दुसरे' लिहा, गणपतीवाल्यांसारखं, ते शोभून दिसतं.

देणगीदाराचं नाव द्यायच्या आधी कागद करा. आम्ही एका व्यापाऱ्याच्या वडिलांच्या नावाने करंडक ठेवला, बोलणं सगळं तोंडी, तीन वर्षं पैसे आले, चौथ्या वर्षी फोन उचलणं बंद. आता नाव बदलावं तर गेलेल्या माणसाचा अपमान केल्यासारखं होतं, नाही बदलावं तर पैसे आपले आणि नाव त्यांचं. तेव्हा स्पर्धेचं नाव तुमचंच ठेवा आणि 'अमुक प्रस्तुत' हे वर बारीक अक्षरात, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त वरची ओळ बदलते. स्मृतिप्रीत्यर्थ नाव असेल तर किती वर्षं, पैसे कोण देणार, बंद झाले तर नाव राहणार की जाणार, हे घरच्यांकडून लिहून घ्या. वाईट वाटतं विचारायला, पण नंतर जास्त वाईट वाटतं.

नोंदणी करणार असाल तर थोडक्यात. संस्था नोंदणी कायदा 1860 चा, त्याला किमान सात जण लागतात, काम धर्मादाय आयुक्त कार्यालयातून होतं. आधी असलेल्या संस्थेसारखं किंवा त्याच्या फार जवळ जाणारं नाव मिळत नाही, सरकारी आहे असं वाटणारं नावही अडतं, म्हणून दोन-तीन पर्याय खिशात ठेवूनच जा, आणि तिथे जे लिहाल ते अक्षर न् अक्षर सगळीकडे सारखं ठेवा. आमची नोंदणी झाली 'टिंबटिंब सांस्कृतिक मंडळ, सांगली' अशी, बॅनरवर नुसतं टिंबटिंब. एका स्पर्धेत दुसरं बक्षीस आलं, आयोजकांनी चेक काढला बॅनरवरच्या नावाने, बँकेने परत पाठवला, आयोजकांची समिती तोवर बरखास्त. दोन बँकवाले ग्रुपमध्ये असून ही गत. ते पैसे सहा महिन्यांनी आले आणि तोपर्यंत त्यांच्या भरवशावर टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला होता.

नाव ठरलं की लगेच लेटरहेड आणि टी-शर्ट करू नका. आधी पत्र्याच्या ट्रंकेवर रंगवून घ्या, ज्यात तुमचे कपडे, दाढ्यामिशा आणि मोडका टेलिफोन असतो ती ट्रंक. आम्ही स्टेशन रोडच्या एका पेंटरकाकांकडे नेली होती. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला, एकदा मोठ्याने वाचला, बरोबर वाचला, आणि विचारलं, 'नाटकवाले का? पांढऱ्यात करू की पिवळ्यात?' अर्थ विचारला नाही की स्पेलिंग विचारलं नाही. पिवळ्यात केलं.